गेटवेमधील ओपन सोर्स कोड आणि स्वयंचलित सुरक्षा चाचणी: चार जणांच्या गटाने सुरुवात कोठून करावी?

अंबड_फर्मवेअर यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कंपनीत मी गेली नऊ वर्षे फर्मवेअरचे, म्हणजे उपकरणातच बसवलेल्या सॉफ्टवेअरचे, काम करतो. आमचा गट चार जणांचा आहे आणि आमचे मुख्य उत्पादन म्हणजे एक डेटा गेटवे. तो एका बाजूने आरएस-४८५ च्या तारांवरून एनर्जी मीटर व तापमान-नियंत्रकांची मोडबस रजिस्टरे (मोडबस या औद्योगिक प्रोटोकॉलने मिळणारे आकडे) वाचतो आणि दुसऱ्या बाजूने इथरनेट किंवा फोर-जी मोडेममार्फत ते आकडे सर्व्हरकडे पाठवतो. दिंडोरी आणि पिंपळगाव परिसरातील द्राक्षांच्या प्री-कूलिंग खोल्यांमध्ये आमचे बरेच गेटवे बसवलेले आहेत. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा तापमान चढले की मालकाच्या मोबाइलवर सूचना जाणे एवढेच तेथे त्याचे काम आहे, पण हंगामात त्या एका सूचनेवर कंटेनरभर माल अवलंबून असतो.

आता पुण्यातील एका पुरवठादारामार्फत जर्मनीतील पॅनेल-उत्पादकाकडून आमच्या गेटवेची चौकशी आली आहे. त्यांनी फर्मवेअरमधील सर्व घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, मागितली आहे. स्वयंचलित सुरक्षा चाचणी केल्याचा पुरावा आणि दोष सापडल्यास आम्ही काय करू याची लेखी पद्धतही त्यांना हवी आहे. युरोपच्या सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्टचा हवाला पत्रात आहे.

आमच्या फर्मवेअरमध्ये फ्रीआरटॉस ही कार्यप्रणाली, नेटवर्कसाठी एलडब्ल्यूआयपी, एन्क्रिप्शनसाठी एमबेड टीएलएस २.१६ आणि जेसन स्वरूपातील माहिती वाचण्यासाठी सीजेसन हे ओपन सोर्स घटक आहेत. एलडब्ल्यूआयपीमध्ये २०१९ साली आम्ही आमच्या मोडेमसाठी काही बदल केले होते. मोडबसचा कोड मात्र आम्हीच आठ वर्षांपूर्वी लिहिला आणि तो 'चालतो आहे' म्हणून त्यानंतर फारसा उघडला नाही.

आमच्या मालकांना वाटते की ज्या कोडमध्ये कोणीही डोकावू शकतो, त्यात घुसण्याची वाटही कोणाला सहज सापडेल; त्यापेक्षा पैसे देऊन बंद स्टॅक (नेटवर्कचा तयार सॉफ्टवेअर-संच) घ्यावा. एका सल्लागाराने ग्राहकाच्या चालू साइटवर नेटवर्क-स्कॅनर चालवून अहवाल देण्याचा प्रस्ताव दिला आहे. फझिंगविषयी (प्रोग्रॅमला मुद्दाम भलतेसलते इनपुट देऊन तो कोसळतो का ते पाहण्याविषयी) मी वाचले आहे, परंतु १९२ किलोबाइट रॅम असलेल्या बोर्डावर ते कसे करायचे हे कळत नाही. सुरुवात कोठून करावी?

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कदाचित तिचा येथे संबंध नसेल. एका कोल्ड स्टोरेजमध्ये गेटवेतील तापमानाची सूचना-मर्यादा काही महिन्यांतून एकदा आपोआप बदललेली आढळते. तेथे मीटरच्या तारा व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलशेजारून गेलेल्या आहेत. आम्ही दोनदा बोर्ड बदलून पाहिला, पण फरक पडला नाही.

गोदाकाठ_टेस्टर यांचे उत्तर:

मालकांची शंका रास्त आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला हार्टब्लीड हा दोष ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या ओपन सोर्स लायब्ररीच्या मार्च २०१२ मधील १.०.१ या आवृत्तीपासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. समोरचा संगणक आपला संदेश किती बाइटांचा आहे ते सांगत असे, ओपनएसएसएल तो आकडा खरा मानून तेवढे बाइट परत पाठवत असे, आणि प्रत्यक्ष संदेश एका बाइटाचा असला तरी एका खेपेस ६४ किलोबाइटपर्यंतचा मेमरीतील मजकूर बाहेर जात असे. त्यात पासवर्ड असू शकत आणि खासगी किल्ल्याही. कोड उघडा असला म्हणजे तो कोणीतरी लक्षपूर्वक वाचला आहेच असे होत नाही, हे तेव्हा साऱ्या जगाला कळले.

पण बंद स्टॅक विकत घेतल्याने ही अडचण सुटत नाही. २०१९ मध्ये व्हीएक्सवर्क्स या उपकरणांसाठीच्या कार्यप्रणालीच्या टीसीपी/आयपी स्टॅकमधील ११ दोष 'अर्जंट/११' या नावाने जाहीर झाले आणि जून २०२० मध्ये ट्रेक या कंपनीच्या स्टॅकमधील १९ दोष 'रिपल२०' या नावाने. हे दोन्ही स्टॅक बंद होते. ट्रेकच्या बाबतीत तर तो कोड अनेक वर्षे एकाकडून दुसऱ्याकडे विकला जात इतक्या उपकरणांत पोचला होता की आपल्या उपकरणात तो आहे हेच अनेक उत्पादकांना ठाऊक नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'अ‍ॅम्नेशिया:३३' या अभ्यासात यूआयपी, पिकोटीसीपी, एफनेट आणि नट/नेट या चार ओपन सोर्स स्टॅकमध्ये मिळून ३३ दोष निघाले. आपण वापरता तो एलडब्ल्यूआयपीही त्या अभ्यासात तपासला गेला होता आणि त्यात तेव्हा नवे दोष आढळले नव्हते; मात्र तो निर्वाळा मूळ एलडब्ल्यूआयपीला लागू होतो, आपण २०१९ मध्ये बदललेल्या प्रतीला नाही. मालकांना एवढेच सांगावे की उघड्या कोडची चाचणी आणि दुरुस्ती आपल्याला स्वतः करता येते, बंद कोडसाठी विक्रेत्याची वाट पाहावी लागते. ही सोय आपण वापरली नाही, तर उघड्या कोडचा आपल्याला काहीच लाभ नाही.

आता फझिंगविषयी. आपल्या कोल्ड स्टोरेजमधील तक्रारीचा मी येथे मुद्दाम उल्लेख करतो, कारण फझिंगचा जन्मच तारेतल्या गोंगाटातून झाला. १९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर वादळी पावसाच्या रात्री टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. तारेतल्या गोंगाटामुळे आज्ञांमध्ये भलतीच अक्षरे मिसळत होती आणि त्या अक्षरांनी युनिक्सवरचे नेहमीचे प्रोग्रॅम कोसळत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना हाच गोंगाट मुद्दाम तयार करण्याचे काम दिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तपासलेल्या प्रोग्रॅमांपैकी पाव ते एक तृतीयांश प्रोग्रॅम असे कोसळले किंवा अडकून पडले. आजचे फझर त्याहून बरेच पुढे गेले आहेत. २०१३ मध्ये आलेल्या एएफएलने आणि त्यानंतरच्या लिबफझर व एएफएल++ यांनी कोडची कोणती वाट चालली गेली हे पाहून, नवी वाट उघडणारा इनपुट जपून ठेवण्याची आणि त्याच्यातच पुढचे बदल करण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे आंधळेपणाने बाइट फेकण्यापेक्षा ते फार लवकर खोल जातात.

बोर्डावर फझिंग करू नका. इनपुट वाचून अर्थ लावणारा कोड, म्हणजे पार्सर, हार्डवेअरपासून वेगळा काढा आणि तो साध्या लिनक्स संगणकावर क्लँग कंपायलरने, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू ठेवून, बिल्ड करा. त्यानंतर काही बाइट आणि त्यांची लांबी घेऊन आपल्या पार्सरला हाक मारणारे एकच छोटे फंक्शन लिहावे लागते. बाकीचे काम लिबफझर करतो. सॅनिटायझरमुळे वेग साधारण निम्मा होतो, पण तो वगळू नका. आपल्या मायक्रोकंट्रोलरवर एखादा बाइट बफरच्या (मेमरीतील ठरावीक आकाराच्या जागेच्या) बाहेर लिहिला गेला, तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. तो बाइट शेजारच्या व्हेरिएबलमध्ये जाऊन बसतो आणि प्रोग्रॅम पुढे चालत राहतो. सॅनिटायझर त्याच क्षणी प्रोग्रॅम थांबवतो आणि कोडची नेमकी ओळ दाखवतो.

कशावर आधी वेळ घालवावा, याविषयी माझे मत ठाम आहे. एमबेड टीएलएस, सीजेसन आणि एलडब्ल्यूआयपी यांच्या मूळ संग्रहांतच फझिंगचा तयार कोड आहे, आणि डिसेंबर २०१६ पासून गुगल चालवत असलेल्या ओएसएस-फझ या सेवेवर असे शेकडो प्रकल्प रात्रंदिवस तपासले जातात. आपला आठ वर्षांचा मोडबस कोड मात्र जगात कोणीही कधीही तपासलेला नाही. आपला पहिला आठवडा त्याला द्या. चाचणीच्या बिल्डमधून सीआरसीची (फ्रेम, म्हणजे तारेवरचा एक संदेश, बिघडलेला नाही ना हे दाखवणाऱ्या आकड्याची) तपासणी वगळण्यास विसरू नका. १६ बिटांच्या सीआरसीमधून यादृच्छिक फ्रेम पार होण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक असते, त्यामुळे फझर दारातच अडकून पडेल. खऱ्या मीटरकडून पकडलेल्या पाचपन्नास फ्रेम फझरला सुरुवातीचे नमुने, म्हणजे बियाणे, म्हणून द्या.

ओपन सोर्स घटकांबाबत आपली अडचण आवृत्तीची आहे. एमबेड टीएलएस २.१६ ही दीर्घ मुदतीची शाखा होती, पण तिचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. पुढे सापडलेल्या दोषांच्या दुरुस्त्या तिच्यात आल्याच नाहीत. कितीही फझिंग केले तरी आवृत्ती बदलण्याचे हे काम करावेच लागेल.

सातपूर_देखभाल यांचे उत्तर:

मी सातपूरमधील एका कारखान्यात देखभाल विभागात आहे आणि फर्मवेअर मला कळत नाही, पण सल्लागाराच्या प्रस्तावाविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका ऑडिटमध्ये असाच स्कॅनर चालू लाइनच्या नेटवर्कवर लावला गेला. कार्यालयातील संगणकांना काही झाले नाही. यंत्रे चालवणाऱ्या जुन्या पीएलसी नियंत्रकांपैकी दोघांनी मात्र एकामागून एक येणाऱ्या अनोळखी जोडण्यांपुढे उत्तर देणेच थांबवले आणि लाइन पाऊण तास बंद राहिली. सुदैवाने तो असेंब्लीचा भाग होता. तेथे भट्टी किंवा प्रेस असती तर काय झाले असते, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते. द्राक्षांच्या हंगामात प्री-कूलिंगच्या साइटवर असा प्रयोग कोणीही करू देऊ नये. गेटवे, दोन मीटर आणि एक नियंत्रक टेबलावर जोडून त्यांच्यावर हवे ते करावे. चालू साइटवर फार तर स्विचच्या मिरर पोर्टवरून (संदेशांची नुसती प्रत देणाऱ्या जोडणीवरून) ऐकावे.

माझा दुसरा मुद्दा यंत्रांच्या बाजूने आहे. मोडबस हा १९७९ चा प्रोटोकॉल आहे आणि त्यात आज्ञा देणारा कोण आहे हे विचारण्याची सोयच नाही. आपला पार्सर उद्या निर्दोष झाला, तरी मोडबसच्या पोर्ट ५०२ वर पोचलेल्या कोणत्याही संगणकाने रजिस्टर लिहिण्याची अगदी नियमानुसार आज्ञा दिली, तर नियंत्रक ती पाळणारच. फझर कोसळण्याची चूक शोधतो. मुळात नसलेले कुलूप त्याला दिसत नाही. म्हणून विचारतो, की आपला गेटवे इथरनेटच्या बाजूने आलेल्या लिहिण्याच्या आज्ञा पुढे तारेवर पाठवतो का? पाठवत असेल, तर ते मुळातच बंद ठेवून ग्राहकाने लेखी मागितल्यावरच चालू करण्याची व्यवस्था असावी, असे मला मनापासून वाटते.

अंबड_फर्मवेअर यांचा प्रतिसाद (तीन आठवड्यांनंतर):

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सल्लागाराचा प्रस्ताव आम्ही नाकारला. लिहिण्याच्या आज्ञांबाबत सांगायचे तर, होय, आमचा गेटवे त्या पुढे पाठवत होता, आणि हा निर्णय कधी कोणी घेतला हे आम्हा चौघांपैकी कोणालाही आठवेना. पुढील आवृत्तीपासून ती सोय मुळात बंद असेल.

आता मोडबसच्या कोडविषयी. पार्सर हार्डवेअरपासून वेगळा काढण्यास आठवडा गेला, कारण त्यात जागोजागी टायमर आणि यूएआरटीच्या (तारेवर बाइट पाठवणाऱ्या-घेणाऱ्या हार्डवेअरच्या) रजिस्टरांना थेट हात घातलेला होता. घाईत आम्ही सीआरसी वगळायला विसरलो आणि फझर तसाच चालू केला. काही सापडणार नाही अशीच आमची समजूत होती, पण एका मिनिटाच्या आत सॅनिटायझरने प्रोग्रॅम थांबवला. सीआरसी चुकीची असलेली फ्रेम इतकी आतपर्यंत पोचलीच कशी, या प्रश्नाने आम्ही प्रथम गोंधळलो. कोड वाचल्यावर कळले की आम्ही आधी आकडे बफरमध्ये उतरवून घेत होतो आणि सीआरसी त्यानंतर तपासत होतो. सीआरसी चुकली तर आकडे टाकून दिले जात होते, त्यामुळे वरून पाहता सारे ठीक होते.

दोष असा होता. मोडबसमध्ये एका वेळी जास्तीत जास्त १२५ रजिस्टरे वाचता येतात, म्हणून आमचा बफर २५० बाइटांचा होता. उत्तरात किती बाइट आहेत हे मीटर एका बाइटात सांगतो आणि एका बाइटात २५५ पर्यंतचा आकडा मावतो. आमचा लूप तो आकडा न तपासता तेवढे बाइट उचलत होता, म्हणजे जास्तीत जास्त पाच बाइट बफरच्या बाहेर. फर्मवेअरच्या मेमरी-नकाशात पाहिले, तर त्या पाचपैकी दोन बाइट अलाइनमेंटच्या रिकाम्या जागेत जातात आणि उरलेले तीन थेट पहिल्या चॅनेलच्या तापमान-मर्यादेत.

मग व्हीएफडीशेजारच्या तारांचा उलगडा झाला. आरएस-४८५ ची तार स्वस्थ असते तेव्हा रिसीव्हरला ती 'एक' म्हणून दिसते, त्यामुळे गोंगाटात बिघडलेला बाइट २५५ होणे ही फार दुर्मीळ गोष्ट नाही. तो बिघाड नेमका बाइटसंख्येच्या जागी आला, की मर्यादा बदलते, त्यानंतर सीआरसी चुकते, फ्रेम टाकून दिली जाते आणि मागे कोणताही मागमूस राहत नाही. टेबलावर आम्ही अशी एक फ्रेम मुद्दाम पाठवली आणि मर्यादा आमच्या डोळ्यांसमोर बदलली. त्या साइटच्या मालकांना आम्ही दोन वर्षे 'तुमच्या ऑपरेटरनेच बदलली असेल' असे सांगत होतो. मी स्वतः तेथे जाऊन त्यांची आणि त्या ऑपरेटरची क्षमा मागितली.

लांबीची तपासणी आणि सीआरसीचा क्रम, दोन्ही दुरुस्त केले आहेत. सीआरसी वगळून फझर पुन्हा चालवला, तेव्हा आणखी दोन दोष निघाले, पण ते बफरच्या बाहेरचे फक्त वाचण्याचे होते, लिहिण्याचे नव्हते. शिवाय आमच्या जुन्या सीजेसनमध्येही एक क्रॅश मिळाला. आता पुढचे विचारतो. हा क्रॅश कोणाला कळवायचा का, की आपल्यापुरता दुरुस्त करून गप्प बसायचे? आणि एसबॉमसाठी आम्ही सिफ्ट हे साधन चालवले, तर यादी रिकामी आली.

कॉलेज_रोड यांचे उत्तर:

मी येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि एका लहानशा ओपन सोर्स लायब्ररीत आलेले पॅच तपासण्याचे काम करतो, त्यामुळे कळवण्याच्या प्रश्नावर मी दुसऱ्या टोकाकडून बोलू शकतो.

आधी एसबॉम. सिफ्टसारखी साधने बहुधा पॅकेज व्यवस्थापकाच्या नोंदी पाहतात. सी भाषेच्या प्रकल्पात लायब्ररीच्या फाइल थेट आपल्या फोल्डरमध्ये चिकटवलेल्या असतात आणि त्यांची अशी नोंद कोठेच नसते, म्हणून यादी रिकामी येते. आपले घटक जेमतेम पाच आहेत. सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स या स्वरूपात यादी हाताने लिहा, प्रत्येकाची नेमकी आवृत्ती, मूळ ठिकाण, परवाना आणि आपण बदल केला आहे की नाही हे नोंदवा, आणि ती फाइल कोडबरोबरच ठेवा. एलडब्ल्यूआयपीच्या नोंदीत २०१९ चा बदल स्पष्ट लिहा. यादी दाखवण्यापुरती बदललेल्या घटकाला मूळ घटक म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल ठरेल. पुढे डिपेंडन्सी-ट्रॅकसारख्या साधनात ही यादी घातली, की नवे सीव्हीई (क्रमांक देऊन नोंदवलेले जाहीर दोष) जाहीर झाल्यावर सूचना मिळते. त्यांतील बऱ्याच सूचना आपण न वापरलेल्या भागांविषयी असतील. 'हा भाग आमच्या बिल्डमध्ये नाही' असे कारणासह लिहून ठेवणे हेही चाचणीच्या पुराव्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आता सीजेसनचा क्रॅश. तो कोणत्या आवृत्तीत आहे हे प्रथम पाहा. सध्याच्या आवृत्तीवर तोच इनपुट चालवा. बहुधा तो आधीच दुरुस्त झालेला असेल, आणि तसे असेल तर आवृत्ती बदलणे एवढेच आपले काम. दोष आजही असेल, तर तो कळवणे आपले कर्तव्य आहे, आणि युरोपपुरते बोलायचे तर कायद्यातही तशी तरतूद आहे. सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. उत्पादकाला एखाद्या घटकात, ओपन सोर्स घटकातही, दोष सापडला तर त्याने तो त्या घटकाच्या सांभाळकर्त्याला कळवावा आणि दुरुस्ती केली असेल तर तीही द्यावी, असे त्यात नमूद आहे. प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या दोषाची प्राथमिक सूचना २४ तासांत देण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि कायद्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून, असे टप्पे आहेत. येथे एक सावधगिरी बाळगा: स्मार्ट मीटरिंग व्यवस्थेतील गेटवे त्या कायद्याने 'क्रिटिकल' वर्गात ठेवलेले आहेत. आपला गेटवे वीजबिलासाठीच्या मीटरिंगचा नाही, केवळ देखरेखीचा आहे, हे जर्मन ग्राहकाकडून आत्ताच लेखी ठरवून घ्या. चाचणीचा खर्च त्यावर फार बदलतो. आपल्याकडेही सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते, त्यामुळे फोन कोणी आणि कोणाला करायचा हे कागदावर असलेले बरे.

कळवण्याची रीतही महत्त्वाची आहे, आणि याविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. साधनाने दिलेला चाळीस पानांचा अहवाल जसाच्या तसा पाठवू नका. स्वयंचलित चाचणीमुळे दोष शोधणे स्वस्त झाले, पण ते तपासणारा माणूस अजून संध्याकाळी नोकरीवरून घरी येऊनच ते काम करतो. एक दोष, त्याला कारण ठरणारा शक्य तितका लहान इनपुट, आवृत्ती, आणि जमल्यास दुरुस्तीचा पॅच एवढेच पाठवा, आणि तेही प्रथम खासगी मार्गाने. बहुतेक प्रकल्पांत त्यासाठीचा पत्ता सुरक्षाविषयक फाइलमध्ये दिलेला असतो.

या माणसाच्या थकव्याचा फायदा कसा घेतला जातो, हे २०२४ च्या एक्सझेड प्रकरणात दिसले. एक्सझेड म्हणजे माहिती संकुचित करणारी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असलेला घटक, आणि ती मुख्यतः एकच व्यक्ती सांभाळत होती. टोपणनावाने आलेल्या एका मदतनिसाने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक काम करून विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा ठेवला. लक्षात घेण्याजोगे हे, की त्याने २०२३ मध्येच ओएसएस-फझमधील त्या प्रकल्पाच्या मांडणीत बदल सुचवला होता आणि ज्या यंत्रणेचा पुढे चोरदरवाजासाठी वापर झाला, तीच फझिंगच्या बिल्डमध्ये बंद करून घेतली होती. चोरदरवाजा शेवटी सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने लॉग-इन होण्यास अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकल्यामुळे. चोरदरवाजा उघडणारा धागा प्रकाशित केलेल्या संकुचित फाइलमध्ये होता, गिट संग्रहात नव्हता. म्हणून आपण घटक घेताना संग्रहातील खूणबद्ध आवृत्तीवरून घ्यावेत आणि त्यांचे हॅश (फाइल बदललेली नाही हे पटवणारे आकडे) एसबॉममध्ये नोंदवावेत.

आपल्या एलडब्ल्यूआयपीच्या बदलाबाबत माझा आग्रह आहे की तो मूळ प्रकल्पाकडे पाठवून पाहा. परवाना बीएसडी आहे, त्यामुळे सक्ती नाही. पण तो बदल खासगी ठेवल्यामुळेच आपण २०१९ च्या प्रतीत अडकून पडला आहात. मूळ प्रकल्पाने तो स्वीकारला, तर पुढची प्रत्येक आवृत्ती आपल्याला जशीच्या तशी घेता येईल.

अंबड_फर्मवेअर यांचा प्रतिसाद:

सीजेसनचा क्रॅश सध्याच्या आवृत्तीत होत नाही, त्यामुळे आवृत्ती बदलली. एलडब्ल्यूआयपीचा बदल आम्ही तीन छोट्या पॅचमध्ये विभागून पाठवण्याच्या तयारीत आहोत. पाहता पाहता लक्षात आले की त्यातल्या एकाची आता गरजच उरलेली नाही. एमबेड टीएलएससाठी ३.६ ही दीर्घ मुदतीची शाखा निवडली आहे. तिसऱ्या मालिकेत स्ट्रक्चरमधील फील्ड खासगी केलेली असल्याने आमचा बराच कोड बदलावा लागेल. दीड महिना धरला आहे. मालकांनी बंद स्टॅकसाठी राखून ठेवलेल्या रकमेतून एक जुना सर्व्हर फझिंगसाठी दिला. प्रत्येक नव्या बिल्डनंतर तो रात्रभर चालतो, आणि सापडलेला प्रत्येक क्रॅशचा इनपुट आम्ही कायमच्या चाचण्यांमध्ये जमा करतो, म्हणजे तोच दोष पुन्हा शिरला तर सकाळी कळेल. वर्गवारीबाबत ग्राहकाला पत्र पाठवले आहे.

एकच राहिले. त्या कोल्ड स्टोरेजमध्ये नवे फर्मवेअर टाकल्यापासून मर्यादा बदललेली नाही, पण टाकून दिलेल्या फ्रेमची गणती आता आम्ही दाखवतो आणि ती दिवसाला काही हजारांत आहे.

सातपूर_देखभाल यांचे उत्तर:

ती गणती दाखवू लागलात हे फार चांगले केले, कारण तो आजार केवळ फर्मवेअरचा नव्हता, तारांचाही होता, आणि तारांचा अजून तेथेच आहे. मीटरची तार व्हीएफडीच्या केबलच्या ट्रेमधून काढून वेगळ्या ट्रेमधून न्या आणि दोन्ही जेथे एकमेकींना ओलांडतात तेथे काटकोनात ओलांडू द्या. पीळ असलेली शील्डची केबल वापरा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, आणि साखळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध आहेत का ते मल्टीमीटरने मोजा: वीज बंद ठेवून ए आणि बी तारांमध्ये साधारण ६० ओहम दिसले पाहिजेत. अनेक ठिकाणी प्रत्येक मीटरवर एकेक रोध लावलेला मला आढळला आहे; तसे असेल तर मधले काढून टाका. हंगाम सुरू होण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी हे काम उरकेल. मदत लागल्यास मी यायला तयार आहे.